थंडीनं आखून दिलेली सुट्टी

२२ डिसेंबरला पुण्यातल्या एखाद्या गच्चीवर एक मीटर लांबीची काठी सरळ उभी केली, तर भरदुपारी तिची सावली सुमारे ९० सेंटीमीटर पडते. हीच काठी १३ मेच्या दुपारी त्याच जागी उभी केली तर सावली काठीच्या बुडाशीच गुडूप होते. तो पुण्याचा शून्य सावलीचा दिवस. मुलांना घेऊन करण्याजोगा याहून सोपा प्रयोग मला माहीत नाही. काठी, खडू, मोजपट्टी आणि काठी सरळ आहे का ते बघायला दोरीला बांधलेला दगड, एवढ्यावर भागतं. फक्त एक लक्षात ठेवायचं, की ही भरदुपार घड्याळातल्या बारा वाजता होत नाही. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर बेतलेली आहे आणि पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. त्यामुळे डिसेंबरअखेर पुण्यात सूर्य सर्वांत उंच येतो तो साडेबारा उलटून गेल्यावर. बारा ते एक या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूनं खूण करत राहायचं. जी सावली सर्वांत आखूड, ती खरी मध्यान्हीची. आणि त्या सावलीची रेघ म्हणजे अचूक उत्तर-दक्षिण.

हे एकदा करून सोडून देण्यात मजा नाही. १ जानेवारीला पुन्हा मोजावं. दहा दिवसांत सावली जेमतेम एक-दीड सेंटीमीटरनं आखडलेली दिसेल. सूर्य दक्षिणेच्या टोकाला जाऊन थबकल्यासारखा असतो तो असा. मग संक्रांतीला मोजावं. आता ती ८४ सेंटीमीटरच्या आसपास आलेली असते, म्हणजे दोन आठवड्यांत पाचेक सेंटीमीटर गेले. उत्तरायण डिसेंबरातच सुरू झालं, मग संक्रांत जानेवारीत का, हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या मुलाच्या तोंडून हमखास येतो, आणि तो यावाच. पृथ्वीचा अक्ष फार सावकाश गिरकी घेतो, त्यामुळे तारकांच्या संदर्भानं ठरलेली मकर संक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस या हिशेबानं पुढे सरकत आली आहे. फार पूर्वी हे दोन्ही दिवस एकच होते.

आपल्याकडची नाताळची सुट्टी तशी आखूडच. दिवाळीची आणि मे महिन्याची मोठी; नाताळच्या आगेमागे काही शाळांना आठवडाभर मिळतो, काहींना दोन-चार दिवस. त्यातच महाबळेश्वर-लोणावळ्याच्या घाटांतल्या रांगा, हॉटेलांचे चढे दर, ३१ डिसेंबरचा गोंगाट. पोरं थकून शाळेत जातात आणि मोठी माणसं थकून कामावर. मला वाटतं, या दिवसांत काय करावं हे थंडीनं आपल्याकडे पूर्वीच आखून दिलेलं आहे. तिच्या प्रत्येक उद्योगाला एक कारण आहे, ते कारण हवेत, मातीत किंवा आकाशात आहे, आणि तो उद्योग बाकीच्या महिन्यांत नीट जमतच नाही. शिवाय या उद्योगांपैकी बहुतेक सावकाश होणारे आहेत. हात गुंतलेले राहतात आणि गप्पा मोकळ्या. घरातला निवांतपणा येतो तो बहुधा यातूनच.

हुरड्याचंच घ्या. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. पावसाळ्यात काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि नंतरच्या थंडीवर ती वाढते. कणसातला दाणा आधी चिकात भरतो, दाबला की दुधासारखा चीक येतो. मग तो हुरड्यात येतो: हिरवा, मऊ, गोडसर. आठ-दहा दिवसांत त्यातल्या साखरेचं पिठूळ पदार्थात रूपांतर होऊन दाणा टणक व्हायला लागतो आणि गोडी जाते. म्हणजे एका शेताचा हुरडा हा एवढ्याच दिवसांचा पाहुणा. सोलापूर, नगर, बीड, परभणी या पट्ट्यात पेरण्या पुढेमागे होतात म्हणून आपल्याला तो महिना-दीड महिना मिळत राहतो. हुरड्यासाठी मुद्दाम लावायचे वाण वेगळे असतात, सुरती, गूळभेंडी अशा नावांचे. त्यांचा दाणा बोंडातून पटकन सुटतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं आणि परभणीच्या कृषी विद्यापीठानं हुरड्यासाठी वेगळे वाणही काढले आहेत. मंगळवेढ्याची प्रसिद्ध मालदांडी मुख्यतः भाकरीची ज्वारी.

शेतात उथळ खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवतात, ती आगटी. ज्वाळा विझून लाल निखारा उरला की कणसं त्यात खोवायची. ज्वाळेवर धरलेलं कणीस वरून करपतं आणि आत कच्चं राहतं. गोवरीचा निखारा मंद आणि एकसारखा, म्हणून दाणा स्वतःच्याच ओलाव्यात शिजतो. मग गरम कणीस तळहातांत चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा, आणि लसणाच्या किंवा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर, दह्याबरोबर खायचं. आता तिकीट लावून ‘हुरडा पार्टी’ करणारी शेतं बरीच झाली आहेत आणि शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात हे चांगलंच आहे. पण तिथे वाटीत सोललेला हुरडा आयता पुढे येत असेल, तर मुलांसाठी कणसंच मागून घ्यावीत. आजोबांचा रापलेला हात गरम कणीस सहज चोळतो, नातवाला चटका बसतो, मग तो फडक्यात धरून चोळायची युक्ती काढतो. हुरड्याची निम्मी चव या खटाटोपात आहे.

त्याच शेतात संध्याकाळी थोडं थांबावं. भोरड्या येतात. गुलाबी पोटाचे, काळ्या डोक्याचे हे पक्षी मध्य आशियात वीण आटोपून हिवाळ्यासाठी आपल्याकडे उतरतात आणि ज्वारीवर तुटून पडतात. माच्यावर उभं राहून गोफण फिरवायची ती मुख्यतः यांच्यासाठी. मावळतीला मात्र हजारोंचा थवा आकाशात एका दमात वळतो, फुगतो, चिरतो, पुन्हा एक होतो. प्रत्येक पक्षी आपल्या जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडे बघून वळत असतो, एवढ्यावर तो सगळा पसारा सांभाळला जातो, असं थव्यांचा अभ्यास करणारे सांगतात. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस बघायला जाता येतं. नाशिकजवळचं नांदूर मध्यमेश्वर तर राज्यातलं पहिलं रामसर स्थळ. पण ज्यांना जाणं शक्य नाही त्यांच्या अंगणातही शेपटी हलवत धोबी आणि थिरथिरा आलेले असतातच.

कोकणात हुरड्याची जागा पोपटी घेते. रायगड जिल्ह्यात, अलिबाग-पेण-रोह्याच्या बाजूला भात कापून झालं की शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. डिसेंबर सरता सरता शेंगा भरायला लागतात. मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, मांसाहारी घर असेल तर मसाला लावलेली कोंबडी, मधूनमधून जाडं मीठ आणि ओवा. तोंडाशी पुन्हा भांबुर्डी गच्च कोंबायची. मडकं पालथं ठेवून भोवती पेंढा, पातेरा, काटक्या रचून पेटवायचं. आत पाण्याचा एक थेंबही घालायचा नाही. शेंगांचा आणि पाल्याचा ओलावाच वाफ होऊन सगळं शिजवतो; पालथ्या मडक्यातून वाफ वर निसटत नाही आणि भांबुर्डीचा उग्र वास शेंगांत उतरतो. अर्ध्या तासानं मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र होऊन ते क्षणात उडालं, की पोपटी झाली. वलसाड भागातलं गुजराती उंबाडियू हे याचंच भावंड.

शहरात सोसायटीच्या कोपऱ्यात शेकोटी करायची असेल तर कोरडी लाकडं आणि जवळ पाण्याची बादली एवढी काळजी पुरते. मात्र पेटलेली शेगडी किंवा निखारे उबेसाठी बंद खोलीत कधीही नेऊ नयेत. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत त्याची चाहूलही लागत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, म्हणून हे ठासून सांगावंसं वाटतं.

घरातल्या घरात करण्याचा सर्वांत सुंदर उद्योग म्हणजे काटेरी हलवा. तो आता विकत मिळतो, स्वस्तही मिळतो, आणि म्हणूनच घरी करणारी घरं कमी झाली. कृती ऐकायला अगदी साधी. परातीत भाजलेले तीळ किंवा साबुदाणा, खाली अगदी मंद आच, आणि साखरेचा एकतारी पाक चमच्या-चमच्यानं वरून सोडत बोटांनी हलवत राहायचं. पाक करतानाच त्यात थोडं दूध घालून वर येणारी मळी काढून टाकतात, म्हणजे हलवा शुभ्र होतो. पहिल्या दिवशी दाण्यांना नुसतं पांढुरकं कवच चढतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या कवचावर बारीक टोकं फुटायला लागतात. थंडी कडक असेल तर काटा चांगला येतो, असं हलवा करणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या आहेत, आणि ते पटण्यासारखं आहे. हवा कोरडी असली की पाकातलं पाणी झटपट उडून साखरेचे स्फटिक दाण्यावरच बसतात. दमट हवेत पाक चिकट राहतो, दाणे एकमेकांना धरतात. काटा येण्याचं कारणही गमतीचं आहे. दाण्यावर कुठेतरी जरासा उंचवटा येतो. परातीत घोळताना पाकाशी आणि गरम पत्र्याशी त्या उंचवट्याची गाठ जास्त पडते, त्यामुळे तिथे साखर जास्त बसते, तो आणखी उंच होतो. उंच असलेलं अधिक उंच होत जातं आणि दाण्याला शिंगं फुटतात.

जपानमध्ये हुबेहूब असाच काटेरी साखरदाणा आहे, कोम्पेइतो नावाचा. १५६९ मध्ये लुईस फ्रॉइस या पोर्तुगीज धर्मोपदेशकानं ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या बरणीतून असे साखरदाणे भेट दिल्याची नोंद आहे. जपानी कारागीर आजही फिरत्या मोठ्या कढईत एक ते दोन आठवडे खपून तो करतात. तेरादा तोराहिको हे तिथले नामांकित भौतिकशास्त्रज्ञ; त्यांना या शिंगांच्या कोड्यानं इतकं पछाडलं होतं की त्यांनी त्यावर लेख लिहिला. माजघरातल्या परातीत आपण ज्याला ‘काटा आला’ म्हणतो, ते विज्ञानाला आव्हान वाटण्याइतकं गहन आहे, हे मुलांना जरूर सांगावं. तीन दिवस रोज तास-दीड तास, पाळीपाळीनं. एकाचं बोट भाजलं की दुसऱ्यानं बसायचं. तयार हलव्याचे दागिने करायला दोरा, सोनेरी कागद आणि घरातलं एखादं तान्हं बाळ किंवा नवी सून असली की झालं. तीही नसली तर बाहुलीला घालावेत.

गोव्यात आणि वसईत नाताळच्या आधीचा आठवडा असाच हातांचा असतो. कुलकुल करताना घरातली सगळी माणसं टेबलाभोवती बसतात. नारळाच्या दुधात भिजवलेल्या पिठाची एकेक गोळी काट्याच्या पाठीवर किंवा स्वच्छ फणीवर दाबून गुंडाळायची, की शंखासारखा आकार येतो. हे काम पाच वर्षांच्या मुलालाही जमतं आणि एकट्या माणसाला करायचं म्हटलं तर संपता संपत नाही. बाहेर मुलं बांबूच्या कामट्यांचा आणि कागदाचा तारा बांधतात, गवत आणि मातीचा गोठा उभारतात. वसईत गल्लोगल्ली मांडलेले नाताळ गोठे बघत एक संध्याकाळ पायी फिरावं. धर्म कुठलाही असो, कुणी अडवत नाही.

रात्र मात्र आकाशाची. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरअखेरची रात्र सुमारे १३ तासांची असते. सहाच्या सुमाराला दिवस मावळतो, म्हणजे लहान मुलांनाही झोपेच्या वेळेआधी काळोखं आकाश मिळतं. मे महिन्यात तारे बघायला त्यांना जागं ठेवावं लागतं. परतीचा पाऊस गेल्यावर ईशान्येकडून कोरडे वारे येतात, हवेतली वाफ कमी होते आणि तारे टवटवीत दिसतात. शहरांत याच दिवसांत उलटं घडतं. थंड हवा जमिनीलगत बसून राहते, वरची हवा तिच्यावर उबदार झाकणासारखी पसरते आणि धूर-धूळ खालीच कोंडते. म्हणून शहराबाहेर वीस-तीस किलोमीटर जाता आलं तर फरक डोळ्यांत भरतो. तिथे पोचल्यावर अर्धा तास कुणीही मोबाइल उघडायचा नाही, एवढा एक नियम ठेवावा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो आणि एकदा पांढरा उजेड पडला की सगळं पहिल्यापासून. विजेरीवर लाल जिलेटीन कागद बांधावा.

सतरंजीवर आडवं होऊन नऊ-साडेनऊला पूर्वेकडे बघितलं की मृग ओळखायला पंचांग लागत नाही. मधोमध एका ओळीत तीन तारे. खेड्यात त्यांना तिकांडं म्हणतात आणि रात्री पाणी धरायला गेलेले शेतकरी त्यांच्यावरून वेळ ओळखत आले आहेत. भोवतीचे चार तारे मृगाचे पाय. तीन ताऱ्यांची रेघ एका बाजूला वाढवली की आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध लागतो, दुसऱ्या बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा झुबका. पुराणात हरणाचं रूप घेतलेल्या प्रजापतीच्या अंगात रुतलेला बाण म्हणजे हे तीन तारे, आणि तो मारणारा व्याध तिकडे उभा. याच नक्षत्रावरून लोकमान्य टिळकांनी वेदांचा काळ ठरवण्याचा प्रयत्न केला आणि १८९३ मध्ये ‘ओरायन’ हा ग्रंथ लिहिला.

रंग बघायला मुलांना आवर्जून सांगावं. मृगातला काक्षी तांबडा, त्याच्या कर्णरेषेत समोर असलेला राजन्य निळसर पांढरा. तांबडा तो तुलनेनं थंड, निळसर तो तापलेला. हा काक्षी २०१९ च्या अखेरीपासून २०२० च्या सुरुवातीपर्यंत इतका मंदावला होता की नुसत्या डोळ्यांनी कळत होतं. त्यानं स्वतःच बाहेर फेकलेल्या धुळीनं त्याला झाकलं होतं. दुर्बीण असेल तर तीन ताऱ्यांच्या खाली लोंबणाऱ्या अंधूक ठिपक्यांवर रोखावी. तिथे धुक्याचा एक पुंजका दिसतो, त्यात या क्षणी नवे तारे जन्मत आहेत. कृत्तिकांत किती तारे दिसतात याची शर्यत लावावी. बहुतेकांना सहा दिसतात, आणि लहान मुलं मोठ्यांना हरवतात.

साडेआठ वर्षांच्या आसपासचं एखादं मूल जमावात असेल तर त्याला व्याध खास दाखवावा. व्याध ८.६ प्रकाशवर्षं लांब आहे. ते मूल जन्माला आलं तेव्हाच्या सुमाराला तिथून निघालेला उजेड आत्ता त्याच्या डोळ्यांत शिरतोय. हे कळल्यावर मुलं जी गप्प होतात ती नंतर प्रश्नांची फैर झाडायलाच. मोठ्यांनी मग अगस्त्य दाखवावा, दक्षिणेला क्षितिजापासून फार उंच न चढणारा. त्याचा उजेड सुमारे ३१० वर्षांपूर्वीचा, म्हणजे तेव्हा साताऱ्याला शाहू महाराजांची गादी होती. ज्यांना जाणत्या माणसांबरोबर बघायचं असेल त्यांच्यासाठी पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, आणि मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करत आलं आहे.

संक्रांतीच्या पतंगांबद्दल येवल्याच्या लोकांनीच सांगावं. तिथे सबंध गाव गच्चीवर असतं आणि मांजा गुंडाळायला फिरकी नसून भली मोठी आसारी असते. आपण एवढंच पाळावं, की नायलॉनचा मांजा घरात आणायचा नाही. हरित न्यायाधिकरणानं २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली आहे आणि त्यानं पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापले आहेत.

जेवणानंतरच्या वेळेसाठी बैठे खेळ. नवकांकरी फरशीवर खडूनं आखता येते: एकात एक तीन चौकोन, त्यांच्या बाजूंचे मध्य रेघांनी जोडलेले, मिळून २४ ठिकाणं. दोघांकडे नऊ-नऊ खडे, चिंचोके किंवा गुंजा. आळीपाळीनं मांडायचे, मग रेघेवरून शेजारच्या रिकाम्या जागी सरकवायचे. तीन एका ओळीत आले की समोरच्याचा एक खडा उचलायचा. दोनच खडे उरले तो हरला. नाशिकच्या पांडवलेण्यांच्या दगडांत असे पट कोरलेले आहेत. पावसात अडकलेले भिक्खू, वाटसरू, पहारेकरी कुणीतरी तिथे बसून खेळलं असणार.

आणि घरात चित्रं काढणारं कुणी असेल तर गंजिफा. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पानं: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. १९७० च्या दशकात ही कला विझत चालली होती तेव्हा सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच ती पुन्हा सुरू करवली. तिथे आजही पानं रंगवताना बघता येतं. हाताने रंगवलेला जोड महाग असतो, आणि ते योग्यच आहे. घरी मात्र जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांतून १२० गोल कापता येतात. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू. सुट्टीचे दोन दिवस रंगवण्यातच जातात. खेळायला तिघं बसतात, प्रत्येकाला ४० पानं. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा असेल तो खेळ सुरू करतो, रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा राजा असेल तो. तेव्हा पानं वाटून झाली की आधी खिडकीबाहेर बघायचं, उजेड आहे की नाही ते, आणि मग डाव लावायचा.